उभं अक्षर

नाशिक रोड,
९ नोव्हेंबर

बापाचा पाय स्टेजवर न्यायला तुला कोणी सांगितलं होतं, मोहिनी?

आशीर्वाद मागाहून देईन, उरला तर. आधी हे वाच. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून कागद घेतलाय. चौथी शिकलेय, तेवढं येतं मला.

शेजारच्या पूजानं मोबाइल आणून माझ्या नाकासमोर धरला. "आजी, बघा, तुमची मोहिनी बेंगळूरला भाषण करतेय." बघितलं. मागं भिंतीएवढी तिरकी अक्षरं, पुढं तू. आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अक्षर आपल्या शेखरचं, ते मी झोपेतही ओळखीन. तू म्हणालीस, बाबांच्या पाट्यांवरून मी हे कॉम्प्युटरचं अक्षर केलंय, आणि ह्या अक्षराला मी माझ्या वडिलांचंच नाव दिलंय. इथवर ठीक. मग म्हणालीस, माझे वडील पोलिओनं अधू आहेत, एका बाजूला झुकून चालतात, म्हणून त्यांची अक्षरंही झुकली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कशाच्या टाळ्या? पायाच्या?

सातवीत होतीस तेव्हा बापाला शाळेच्या गेटापर्यंत येऊ देत नव्हतीस. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी उभा करायचीस, मैत्रिणींना पाय दिसेल म्हणून. तो तिथं उन्हात तुझा डबा घेऊन उभा राहायचा आणि घरी येऊन मला सांगायचा, "पोरगी मोठी झाली आई, एकटी जाते म्हणाली." मला काय कळत नव्हतं? तेव्हा झाकून ठेवलेला पाय आता परक्या माणसांत उघडा केलास.

आणि खरं तरी बोलायचं. शेखरनं कधी उभं राहून पाटी रंगवली? रिकाम्या ऑइलपेंटच्या डब्यावर बसून काम करायचा. शेजारच्या डब्यावर तू, शाळेच्या कपड्यांत. खडू लावलेली दोरी ताणून आधी वरची रेघ मारायचा, एकदम सपाट. मग ती सागाची पट्टी ठेवायचा, एका बाजूनं तिरकी कापलेली, आणि तिच्या कडेनं एकेक काना खाली उतरवायचा. सगळ्यांचा कल एकच. पायामुळं झुकली असती तर एक अक्षर देवळालीकडं आणि दुसरं सिन्नरकडं गेलं असतं.

तो कल मल्हारीच्या टेम्पोनं आणला. मल्हारी मालेगावहून कापडाचे तागे आणायचा. म्हणाला, "शेखरभाऊ, गाडी उभी असली तरी पळतेय असं दिसलं पाहिजे." तेव्हा शेखरनं त्याचं नाव पुढं झुकवलं. देवळावरच्या अक्षरासारखं जाड-बारीक नाही, टोकाला वळण नाही, शेपूट नाही. सगळं एका जाडीचं, वाकवलेल्या नळासारखं. दोरीवर कपडे वाळत घातलेत आणि वारा सुटलाय, तसं दिसायचं. मग टेम्पोवाले, कुस्तीवाले, क्रिकेटच्या टीमवाले, सगळ्यांना तेच हवं झालं. त्यात पाय कुठून आला?

पूजानं तो व्हिडिओ दुकानात नेऊन शेखरलाही दाखवला. तिला काय कळतंय. त्यानं अधू पाय हातानं उचलून डब्यामागं सरकवला आणि ब्रश धुवत बसला.

उत्तर मला पाठवू नकोस. मला तुझ्या उत्तराचं काय करायचंय. बापाला लिही.

सगुणाबाई


नाशिक रोड,
२८ नोव्हेंबर

सांगितलं काय आणि केलंस काय? बापाला लिही म्हटलं तर मला लिहिलंस. हातानं नाही, छापून. आणि छापलंस तेही त्याच तिरक्या अक्षरात, दोन पानं! वाचताना माझी मान वाकडी झाली. ओळी पुढं पळतात आणि मी मागं. पूजाला दिलं तर ती म्हणाली, आजी, माझे डोळे फिरले.

शेवटी शेखरनं वाचून दाखवलं. तू मला लिहिलेलं मी तुझ्या बापाच्या तोंडून ऐकलं, घे. "लहानपणी मला लाज वाटायची, आजी, आता तीच गोष्ट मी अभिमानानं सांगते," हेही त्यानं वाचलं. अडखळला नाही. बातम्या वाचाव्यात तसा वाचत गेला. पान खाली ठेवून म्हणाला, "पाटीचं अक्षर पत्राला घालतात का? हे लांबून वाचायचं, रस्त्यावरनं जाताना, दोन-चार शब्द. जवळ बसून बोलायचं तर साधं अक्षर घ्यावं." एवढंच. पायाचं काही नाही.

पण एक बघितलं मी. आता रोज मी बाजारातून आले की विचारतो, "आज कुठं दिसलं?" कारण तुझं अक्षर गावभर झालंय. स्टेशनाबाहेर मोमोवाल्यानं लावलंय. जिमवाल्यानं लावलंय. कुरियरच्या गाड्यांवर आहे, द्राक्षाच्या पेट्यांवर आहे. मी एकेक सांगते आणि तो न्यायाधीशासारखा निकाल देतो. जिम? "चालेल." द्राक्षं? "चालेल, माल लांब जायचाय." मोमो? "ते काय असतं?" मी म्हटलं, उकडीच्या करंज्या, आत कोबी. म्हणाला, "मग करंजीला कसली घाई?" परवा सांगितलं, दातांच्या दवाखान्यावरही लागलंय. पोट धरून हसला. "आई, डॉक्टर पळून चाललाय असं वाटेल गं पेशंटला." मग हसू थांबलं तरी पोट धरूनच बसला.

पित्त आहे. दुकान थोडे दिवस बंद ठेवलंय. तू काळजी करावी असं काही नाही.

ह्या खेपेला तरी बापाला लिही. मला नको.

सगुणाबाई


नाशिक रोड,
२० डिसेंबर

तुझी गुंडाळी आली. शेखरच्या नावानं आली, ठीक. आत चिठ्ठी मात्र एका ओळीचीही नाही. नुसती अक्षरं, क पासून ज्ञ पर्यंत, एकेक वाटीएवढं. तू आणि तुझा बाप, दोघंही तोंडाला टाळं लावून जन्माला आलात. तुझी आई उज्वला होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि ह्या घरात बोलायचं काम माझ्याकडं आलं.

त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "उशी दे मागं, भिंतीला टेकव मला." लाल पेन्सिल मागितली. मग सुरू झाला. माझ्याशी बोलत नव्हता, कागदाशी भांडत होता. "हे काय मोहिनी, ह्या 'थ' ला कंबर कुठंय? 'ख' च्या पोटात जागा ठेव की जरा, रंग भरून बसेल. हा 'ग' चांगला काढलास. हा माझ्यापेक्षा चांगला." हे शेवटचं त्यानं कागदावर लिहिलेलं नाही, म्हणून मी इथं लिहिते.

कागद सोबत परत पाठवतेय. 'भ' च्या पुढं खुणा नाहीत. लाईट गेली होती.

अगदी खाली त्यानं दोनच शब्द लिहिलेत, "उभं कुठंय?" मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, "तिनं सगळी पळणारीच केलीत. जो थांबला त्याला काय लिहिणार?"

तुला चौकातला फळा आठवत असेल, पाराजवळचा काळा. गल्लीत कोणी गेलं की त्याच्यावर नाव लिहायचं, अंत्ययात्रा कधी आणि कुठून ते लिहायचं. ते तुझा बाप लिहायचा, खडूनं. तसंच एका जाडीचं, बिनशेपटीचं अक्षर, पण उभं. त्या फळ्यावर त्यानं तिरकं कधी काढलं नाही. एकदा मल्हारीनं विचारलं होतं तर म्हणाला, "गेलेलं माणूस पोचलं. आता त्याला कशाला पळवायचं?" तुझ्या आईचं नावही त्यानंच लिहिलं. स्टुलावर बसून, सगळ्यांदेखत, हात न हलू देता. दहावा झाला की ओल्या फडक्यानं फळा पुसायचा. त्याआधी नाही, तशी आपल्या गल्लीची रीतच आहे. म्हणून ते अक्षर कुठं शिल्लक नाही. टेम्पोंचे फोटो तू काढून नेलेस. मयताच्या फळ्याचा फोटो कोण काढतो?

त्याच्या दोन शब्दांचं उत्तर त्यालाच दे.

सगुणाबाई


नाशिक रोड,
९ जानेवारी

'ख' तसाच ठेवणार म्हणतेस. मोठा छापला की आतली जागा उघडते म्हणतेस. शेखरला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तिचं. ब्रश रंग सांडतो, मशीन सांडत नाही. मी जुना हिशोब धरून बसलो." 'थ' सुधारलास ते ऐकून मान हलवली.

उभ्याचं लिहितेस की ते कोणी मागत नाही, गिऱ्हाईक तिरक्याला आहे. असेल. ती ओळ मी त्याला वाचून दाखवली नाही.

'भ' च्या पुढं का थांबले, असं परत विचारतेस. सांगितलं ना, लाईट गेली होती.

पायाचं मीच काढलं त्याच्याजवळ. मला राहवत नाही, तुला ठाऊक आहे. म्हटलं, पोरीनं चारचौघांत तुला असं केलं, तू एक शब्द बोलला नाहीस. तर म्हणाला, "बोलू दे गं तिला. लोकांना पाय कळतो. अक्षर कोणाला कळतंय? पायामागून अक्षर आत गेलं तर गेलं." मी म्हटलं, राग नाही आला तुला? "आला होता. आता दमलो."

संक्रांतीला ये. कामं असतील तुझी, तरी ये. तिळगूळ खायला ये. कारण विचारू नकोस. म्हातारीला भेटावंसं वाटलं असं समज, जरी मी तसं कधी म्हटलेलं नसलं तरी.

उत्तर बापाला दे. लांबलचक नको. येते एवढंच लिही, मोठ्या अक्षरात.

सगुणाबाई


नाशिक रोड,
१२ फेब्रुवारी

फळा दहाव्याच्या आत पुसायचा नसतो. मी तुला लिहून कळवलं होतं.

बॅग खांद्यावर, रिक्षातून उतरलीस चौकातच. घरी यायच्या आधी, मला भेटायच्या आधी, फळ्यापाशी गेलीस. मला पूजानं सांगितलं, मल्हारीनंही सांगितलं. "बाबांचं नाव असं कोणी लिहिलं? लहान पोरानं गिरवल्यासारखं?" असं म्हणालीस आणि ओढणीनं पुसलंस. मल्हारी ओरडला, "ओ ताई, काय करता!" तोवर फळा कोरा. मग खडू घेतलास. लिहिलंस, पुसलंस. परत लिहिलंस, परत पुसलंस. मल्हारी म्हणत होता, "तिचं उभं येईचना, आजी. हात आपोआप पुढं झुकायचा." शेवटी खडू ठेवून दिलास आणि घरी आलीस. तेव्हा तोंड असं होतं की मी काही बोलले नाही. मी बोलले नाही, म्हणजे बघ.

ते मी लिहिलं होतं.

शेखरला घरातून काढायची तयारी चालली होती आणि फळा रिकामा होता. पोरं म्हणाली, फ्लेक्स करू. मल्हारी म्हणाला, फ्लेक्स उद्या येईल, लोकांना आज कळायला पाहिजे. पण खडू कोणी उचलेना. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघतोय. शेखरच्या फळ्यावर आपण कसं लिहायचं, असं त्यांना वाटत होतं. मग मी गेले. मल्हारीनं स्टूल धरलं. मी म्हटलं, बसून नाही, उभी राहूनच लिहिते. शेखर पेंटर. निधन. अंत्ययात्रा राहत्या घरून. एवढंच लिहिलं. सरळ काढायला गेले, ओळ खाली खाली गेली. 'ख' दोनदा काढला. हात ऐकत नाही माझा. पण अमरधामला माणसं आली, मल्हारीच्या लाईनीतले सगळे टेम्पोवाले आले. म्हणजे वाचता आलं लोकांना. लिहायचं ते त्याच्यासाठीच असतं.

तू विचारलंस कोणी लिहिलं, आणि चौकातल्या कोणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, घरी गेल्यावर कळेल. घरी आल्यावर तुला दुसरंच कळलं. बापाच्या पोटात गाठ होती, दिवाळीच्या आधीपासून होती, आणि मी पित्त लिहीत राहिले, लाईट गेली लिहीत राहिले. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. दहावा केलास, पाया न पडता गेलीस. जा.

पण ऐकून जा. त्यानं मला शपथ घातली होती. म्हणाला, "पाय सांगून टाळ्या मिळाल्या तिला. आता आजार ऐकून धावत येईल. मला तशी नको. यायचं तर मला भेटायला येऊ दे." मी म्हटलं, वेडा आहेस. पण शपथ ती शपथ. ती न मोडता जेवढं बोलावता येतं तेवढं मी तुला बोलावलं. मी सांगितलं नाही, तू आली नाहीस. ह्यात कोणाचं किती, हे मांडायचं असेल तर समोर बसून मांड. बेंगळूरहून नको.

आणि एक. तू पूजाच्या मोबाइलवर पाठवलं होतंस ना, मी सांगितलं तसं, मोठ्या अक्षरात? काळ्यावर पिवळं, "येते." त्याच आपल्या तिरक्या अक्षरात. आणि खाली बारीक, "होळीला." मी मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला. मोठं त्याला दिसलं. बारीक त्याला आता दिसत नव्हतं, आणि मी वाचलं नाही. बराच वेळ बघत होता. म्हणाला, "जमलंय. बघ आई, निघालीसुद्धा."

त्याच्यानंतर त्यानं कसला निकाल दिला नाही.

मला रडायला वेळ नाही, घरात माणसं येतात अजून. तुलाही रड म्हणून लिहीत नाही. काम आहे म्हणून लिहितेय.

मागच्या गल्लीतली भागीबाई गेली परवा. फळ्यावर कोणी लिहिलं नाही, आता लिहिणारं आहे कोण. फ्लेक्स लावला, आणि त्यावर तुझं अक्षर. भागीबाई, जी आयुष्यात कधी घाईनं चालली नाही, जिच्यासाठी लग्नाच्या पंगती थांबायच्या, ती चौकात वाऱ्यासारखी सुटलेली! हार घालायला आलेली माणसं खाली तोंड करून हसत होती. मी फ्लेक्सवाल्याला झापलं. तो म्हणाला, "आजी, ह्याच्याइतकं चांगलं दुसरं अक्षरच नाही माझ्याकडं. तुमच्याच नातीचं आहे. ह्याच्यात उभं मिळतं का?"

काय सांगू मी त्याला? गिऱ्हाईक मागत नाही म्हणून?

त्याचा बसायचा डबा इथं आहे. तुझाही आहे, त्याच्यात मी कोथिंबीर लावलीय, काढून देईन. ती सागाची पट्टी खिळ्याला आहे. तू तिचा फोटो नेलास, तिरक्या बाजूचा. तिची दुसरी बाजू सरळ आहे. त्या बाजूला रंगाचा एक डाग नाही, नुसता खडू बसलाय, पांढरा, पुसला तरी जात नाही. फळ्याच्या कामाला तो तीच बाजू घ्यायचा. अक्षर पुसलं गेलं, पण कल कुठं थांबवायचा ते तिथं आहे. ती हातात धरून बघ. फोटोत कळायचं नाही.

फळा कोराच आहे. त्याच्यावरचं पुढचं नाव माझं. मी काही भागीबाईसारखी फ्लेक्सवर पळणार नाही, आणि परक्याच्या अक्षरात टांगून घेणार नाही. उभं हवं, खडूनं हवं, आणि ते तू लिहायचंस. तेव्हा हात झुकला तर पुसायला आणि परत लिहायला मी मागं उभी नसेन. म्हणून आधी शिकून ठेव, आणि मला दाखव.

होळीला येते म्हणाली होतीस. होळी अजून व्हायचीय.

आशीर्वाद आहे. उरला होता थोडा.

आजवर म्हणत आले, मला नको, बापाला लिही. आता त्याच्या नावानं टाकलंस तरी पोस्टमन माझ्याच हातात देणार. तेव्हा ह्याचं उत्तर मला लिही. पूजाच्या मोबाइलवर नको, छापून नको. तूच लिही, हातानं, आणि मी वाचू शकते तोवर लिही.

सगुणाबाई